चौलचा नागरिक : महत्तर ते मतदार

चौलचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याचे लक्ष प्रथम समुद्राकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. ग्रीक दर्यावर्दींचे 'सेमुल्ला', कान्हेरीच्या शिलालेखांतील 'चेमुल', अरब प्रवाशांचे 'सैमूर' ही सर्व नावे या एकाच बंदराची. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी येथेच उतरला. १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा येथल्याच खाडीतील आरमारी लढाईत पडला. १५७०-७१ चा निजामशाही वेढाही याच भूमीने सोसला. या गोष्टी आपल्या ज्ञातीतील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. परंतु जहाजे येत होती आणि तोफा धडधडत होत्या, तेव्हा गावचा गाडा कोण हाकीत होते? विहीर कोणी साफ करवून घ्यावी, तंटा कोणापुढे न्यावा, बांध फुटला तर हाक कोणी द्यावी, आणि ज्याने हे सर्व करावे त्याची निवड कोणी करावी, याचा विचार क्वचितच होतो. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने तो विचार करावा, असे आम्हांस वाटले. त्याचे कारणही सांगतो. दर पाच वर्षांनी गावची निवडणूक येते, त्या वेळी मंडळाच्या दारी सर्व पक्षांचे लोक येतात, आणि 'तुमच्या समाजाची मते किती व ती कोणाकडे?' असा प्रश्न विचारतात. या प्रश्नाला उत्तर द्यावे की देऊ नये, हे ठरविण्यास इतिहासाची थोडी मदत होईल.

कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत चेमुलच्या रहिवाशांची नावे आहेत. या लेखांत दाता स्वतःची ओळख आपल्या गावाने व आपल्या व्यवसायाने करून देतो. चेमुलचा अमुक सोनार, अशी ती ओळख आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी आपल्या गावचा मनुष्य परगावी जाऊन दान करतो आणि आपल्या नावापुढे गावाचे नाव अभिमानाने कोरवितो, ही नागरिकत्वाची पहिली खूण म्हणावयास हरकत नाही.

पुढे शिलाहारांचे राज्य आले. त्यांच्या ताम्रपटांत राजा आपली आज्ञा केवळ मंत्र्यांना व सेनापतींना उद्देशून देत नाही. 'हंयमन-नगर-पौर-त्रिवर्ग' असा एक समास त्यांत वारंवार येतो, म्हणजे नगरातील पौरजनांनाही आज्ञा कळविली जाते. त्यांतील 'हंयमन' अथवा 'हंजमन' या शब्दाचा संबंध फारसीतील 'अंजुमन', अर्थात सभा, या शब्दाशी अनेक विद्वानांनी जोडला आहे. तसेच 'महत्तर' म्हणजे गावातील वडीलधारे प्रतिष्ठित पुरुष. या महत्तराचे आजचे रूप आपल्या ओळखीचे आहे. अष्टागरात घरोघर आढळणारे 'म्हात्रे' हे आडनाव त्याच शब्दापासून आले. एके काळी जे गावचे पद होते, ते पुढे कुळाचे नाव झाले. पदे वंशपरंपरागत झाली म्हणजे काय होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

अरब प्रवासी अल्-मसूदी हिजरी ३०४, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास सैमूरला आला. तेथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले होते; तसेच 'बयासिरा', म्हणजे येथेच जन्मलेले त्यांचे वंशजही होते. त्यांच्यावर 'हुनरमन' नावाचा एक प्रमुख असे. तो त्यांच्यापैकीच एक, परंतु नेमणूक हिंदू राजाची. त्या काळी झंझ शिलाहार हा राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून येथे राज्य करीत होता. परक्या व्यापाऱ्यांचे तंटे त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांच्याच माणसाने सोडवावेत, ही व्यवस्था उदार होती यात शंका नाही. पण तीत एक मर्यादाही होती. ज्याच्या वतीने हुनरमन बोलत असे, त्याने त्याला निवडलेले नसे. ज्ञातीच्या अथवा धर्माच्या प्रमुखाने सर्वांच्या वतीने सत्तेशी बोलावे आणि बाकीच्यांनी ते मान्य करावे, ही रीत आपल्या गावी निदान अकराशे वर्षे जुनी आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. त्यांनी १५२१ मध्ये किल्ल्याचे बांधकाम आरंभिले आणि पुढे रेवदंड्याचा कोट उभा राहिला. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील मोठ्या ठाण्यांत 'कामरा' नावाची नगरसभा असे. गोव्यात, वसईत होती, तशी चौललाही होती. बाजारातील वजनमापे, धान्याचे भाव, रस्त्यांची स्वच्छता ही कामे तिच्याकडे असत. या सभेच्या निवडणुकीची पोर्तुगीज रीत मोठी मनोरंजक होती. योग्य माणसांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून त्या मेणाच्या गोळ्यांत बंद करीत, गोळ्या पिशवीत ठेवीत, आणि एखाद्या लहान मुलाच्या हाताने गोळी काढून त्या वर्षीचे अधिकारी ठरवीत. निरागस बालकाच्या हातून पक्षपात होणार नाही, अशी समजूत. पिशवीत नाव कोणाचे जाणार हे मात्र बालक ठरवीत नसे. ते कोटातील मूठभर प्रतिष्ठित पोर्तुगीज ठरवीत. कोटाबाहेरच्या आगरात राहून नारळ-सुपारीला रहाटाने पाणी देणाऱ्या, मीठ पिकविणाऱ्या, मासे मारणाऱ्या माणसाचा त्या पिशवीशी काहीही संबंध नव्हता. आजही सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत काढताना, किंवा दोन उमेदवारांना समान मते पडली तर, लहान मुलाच्या हस्ते चिठ्ठी काढण्याची चाल आपण पाहतो. तीच चिठ्ठी, तेच बालक. परंतु आता पिशवीत कोणाचेही नाव जाऊ शकते. चारशे वर्षांत जो फरक पडला तो एवढाच, आणि तो लहान नाही.

१७४० मध्ये तहाने चौल व रेवदंडा मराठ्यांकडे आले. मराठी अमलात तंटे गोतसभेपुढे चालत, आणि निवाड्याचा कागद म्हणजे 'महजर' लिहिला जाई. या महजरांवर लिहिता न येणारे लोक आपापल्या धंद्याचे चिन्ह काढून साक्ष घालीत. कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी, सुताराचे हत्यार, अशी ती निशाणी असे. निरक्षर मनुष्यालाही सार्वजनिक निर्णयात आपला हात दाखविता यावा, ही सोय त्यात होती. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी ठेवून तिच्यावर चिन्ह लावण्यात आले, तेव्हा काही विद्वानांना ती नवी कल्पना वाटली. आपल्या पूर्वजांना ती नवी वाटली नसती.

मात्र गोतसभेचे गुण सांगताना तिचे दोषही झाकून ठेवू नयेत. गोताच्या हाती जसा न्याय होता, तसा बहिष्कारही होता. पंक्तीला न घेणे, विहिरीवर न येऊ देणे, लग्नकार्यात व मर्तिकात साथ न देणे ही तिची शस्त्रे होती. ज्या बैठकीत सर्वांना बसता येत नव्हते, तिचा निर्णय मात्र सर्वांना पाळावा लागे. आणि स्त्रियांना व गावकुसाबाहेरच्यांना तर त्या बैठकीत जागाच नव्हती.

गावकीची सर्वांत उजळ बाजू पाहावयाची तर खाडीकाठी जावे. खाऱ्या पाण्यापासून शेती राखणारे मातीचे बांध हे एकट्याचे काम नव्हे. आपल्या किनाऱ्यावर ते सामुदायिक श्रमाने राखण्याची 'जोळ' नावाची पद्धत होती. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली की हाकेसरशी प्रत्येक घरातील माणूस घमेले-फावडे घेऊन बाहेर पडे. खारे पाणी शेतात शिरताना शेत कोणत्या ज्ञातीचे हे विचारीत नाही. म्हणून बांधावर जाणाऱ्यालाही ते विचारण्याची सोय नव्हती. १९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा होऊन बांधांच्या कामात सरकार आले. परंतु जोळीने दिलेला धडा कायद्याने रद्द होत नाही.

आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले. १८६४ मध्ये अलिबागेस नगरपालिका स्थापन झाली, १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. (१९८१ पासून त्यासच आपण रायगड जिल्हा म्हणतो.) लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला, आणि तालुक्यापर्यंत निवडणूक हा शब्द येऊन पोहोचला. परंतु मताचा अधिकार मालमत्तेवर, सरकारात भरलेल्या साऱ्यावर होता. कुळाने जमीन कसावी, सारा खोताच्या नावाने जावा आणि मत खोताने द्यावे, असा तो न्याय होता.

या सदोष साधनांतूनही सत्पुरुषांनी काय करून दाखविले, याचे आपल्या जिल्ह्यातील उदाहरण महाडचे आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले हे भंडारी ज्ञातीचे पुढारी. ज्ञातिसंस्थांच्या कार्यात अग्रेसर. मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेल्यावर त्यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी जो ठराव संमत करून घेतला, तो स्वतःच्या ज्ञातीसाठी नव्हता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक त्या कार्यात होते. ठराव कागदावर राहिला. तो पाण्यापर्यंत नेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने तळे सर्वांचे असल्याचा निर्णय दिला. निवडून आलेल्या सभेचा ठराव आणि गावातील जबर लोकांची इच्छा यांच्यात विरोध आला म्हणजे किती वर्षे जातात, हे या तारखांवरून दिसते. त्याबरोबरच ज्ञातीचा पुढारी ज्ञातीच्या कुंपणाबाहेर पाहू शकतो, हेही दिसते.

दुसरे उदाहरण तर आपल्याच तालुक्यातले. खोतीच्या जाचाला कंटाळून चरी व आसपासच्या पंचवीस गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये जमिनी कसण्याचे बंद केले, आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. कुळांनी लाकडे तोडून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले, पण निर्धार सोडला नाही. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेस आले, आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी विधिमंडळात मांडले. याच काळात 'कृषीवल' पत्र निघू लागले. या लढ्याचा पाया बहुतांशी एका ज्ञातीचा होता, हे खरे. परंतु मागणी 'कुळाची' होती. ज्ञातीच्या एकजुटीचा उपयोग ज्ञातीपेक्षा मोठ्या मागणीसाठी करता येतो, हे चरीने दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदान आले आणि महत्तर, खोत, कूळ, सर्वांचे मत एका किमतीचे झाले. १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभेस कुलाब्यातून काँग्रेसतर्फे चिंतामणराव देशमुख निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले. १९५७ मध्ये त्याच मतदारसंघाने शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम बाळकृष्ण राऊत यांस निवडून दिले. बैलजोडी आणि पुढे खटारा ही चिन्हे त्या पिढीच्या भिंतींवर गेरूने व चुन्याने रंगविली जात. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याची अंमलबजावणी १९५९ पासून झाली, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्त्रियांना एक तृतीयांश, आणि राज्याच्या कायद्याने २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. ज्या बैठकीत आपल्या आजीला उंबऱ्याच्या आत बसूनच ऐकावे लागे, तिच्या अध्यक्षस्थानी आता नात बसते.

आता गावच्या प्रचाराकडे वळू. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाही. ती पॅनेलांमध्ये होते. प्रत्येक प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडावयाचे असतात, म्हणून एका मतदाराला तितकी मते असतात; आणि सरपंच थेट निवडावयाचा असल्यास आणखी एक. थेट निवडणुकीची ही रीत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. मते अनेक असल्यामुळे आपल्या गावात जी आकडेमोड चालते, ती मोठमोठ्या निवडणुकांतही चालत नसेल. 'एक मत घरच्याला, एक शेजाऱ्याला, एक पॅनेलला' असे हिशेब पाखाडीपाखाडीतून मांडले जातात. सभा फार होत नाहीत. कारण सभेत सर्वांदेखत बोलावे लागते. खरा प्रचार संध्याकाळी वाडीच्या बेड्यापाशी, मासळीच्या बाजारात, दत्ताच्या जत्रेच्या गर्दीत, आणि मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांच्या खोल्यांवर होतो. मतदानाच्या आदल्या रात्री त्या गावकऱ्यांना आणावयास गाड्या जातात. येथे उमेदवार अनोळखी नसतो. तो कोणाचा भाचा, कोणाचा साडू, कोणाच्या बांधाचा शेजारी असतो. त्यामुळे पराभव दुसऱ्या दिवशी विसरता येत नाही. तो विहिरीवर, देवळात आणि लग्नाच्या मांडवात भेटतो.

येथेच खरा धोका आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातून गावकीने व जातपंचायतींनी कुटुंबे वाळीत टाकल्याची अनेक प्रकरणे २०१३-१४ च्या सुमारास उघडकीस आली. त्यांच्या मुळाशी जमिनीचे, देवस्थानांचे आणि कित्येकदा निवडणुकीचेही वाद होते. अमक्याने गावकीने ठरविलेल्या उमेदवाराविरुद्ध अर्ज भरला, तमक्याने मत फोडले, एवढ्यावरून त्याच्या घरचे पाणी व किराणा तोडणे हे गोतसभेचे जुने शस्त्र नव्या राज्यात चालविणे होय. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी नवा कायदा संमत केला, आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. असा कायदा करण्याची निकड ज्या जिल्ह्यांमुळे भासली त्यांत आपला जिल्हा अग्रभागी होता, ही गोष्ट भूषणावह नाही.

'बिनविरोध' या शब्दाचाही विचार व्हावा. तंटा नको, खर्च नको, म्हणून गावाने एकमताने माणसे निवडली तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु एकमत आणि गप्प बसविणे यांतील अंतर ओळखले पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाची व सदस्यपदांची देवळाच्या नावाने बोली लागली. तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडणुकाच रद्द केल्या. देवाच्या नावाने झाला तरी लिलाव तो लिलावच. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याचे नाव पिशवीत जात नाही, हा तर कोटातील पोर्तुगीजांचा न्याय झाला.

मग ज्ञातिमंडळाने काय करावे? निवडणुकीच्या काळात मंडळाने डोळे मिटून बसावे, असे आम्ही म्हणत नाही. मंडळाची सभागृहे सर्व उमेदवारांना सारख्याच अटींवर द्यावीत. सर्व उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलावून पाण्याच्या योजनेचे, कचऱ्याचे, वाड्यांतील रोगाचे, खाडीच्या बांधांचे प्रश्न सर्वांदेखत विचारावेत. मतदार यादीत नाव नसलेल्या तरुणतरुणींची नावे नोंदवून घ्यावीत. सासरी आलेल्या सुनेचे नाव राहून जाते, तिकडे विशेष लक्ष द्यावे. ग्रामसभेस जाणे हे लग्नास जाण्याइतकेच अगत्याचे मानावे, कारण पाच वर्षांचे काम तेथे होते आणि निवडणुकीचा दिवस एकच असतो. आणि 'तुमच्या समाजाची मते किती?' असे कोणी विचारले तर संख्या जरूर सांगावी. परंतु ती कोणाकडे जातील हे सांगण्याचा अधिकार मंडळाने कधीही घेऊ नये. तो अधिकार मंडळाच्या अध्यक्षाचा नाही, घरातल्या कर्त्याचाही नाही. एकाच घरातील पतिपत्नींनी निरनिराळ्या चिन्हांसमोरील बटण दाबले, तर त्या घराची चूल विझत नाही. तसेच ज्या ज्ञातिबांधवाने आपल्या उमेदवारास मत दिले नाही, त्याच्या घरच्या कार्यास मंडळाचे पदाधिकारी प्रथम गेले पाहिजेत. हा दंडक मंडळाने एकदा घालून दिला तर वाळीत टाकण्याची भाषा आपल्या पाखाडीत पुन्हा ऐकू येणार नाही.

कान्हेरीच्या डोंगरात चौलच्या माणसाने आपले नाव कोरविले, ते गावाच्या नावासह. हुनरमनाच्या काळी त्याच्या वतीने दुसरा बोलत होता, कोटाच्या काळी त्याला पिशवीत स्थान नव्हते, लोकल बोर्डाच्या काळी त्याचे मत खोतापाशी गहाण होते. आज ते त्याच्या स्वतःच्या बोटाशी आहे. इतक्या दीर्घ प्रवासानंतर हाती आलेली ही वस्तू त्याने पुन्हा कोणा हुनरमनाच्या स्वाधीन करू नये, मग तो हुनरमन आपल्याच ज्ञातीचा का असेना, एवढीच आमची सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.